बॅटरीवर चालणारा रविवार

शेवटच्या साध्या शनिवारी बाबा अकॉर्डियनच्या पट्ट्याला तेलाचं बोट लावत बसले होते, आणि आई त्यांना बजावत होती की तेच बोट सोफ्याला लागलं तर सोफा आणि तुम्ही, दोघांचीही रवानगी गॅलरीत होईल. बाबा म्हणाले, "सोफ्याला पुढे होऊ दे, मी मागून येतो." सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला थोरली मुद्रितं तपासत होती. तिने मान वर केली नाही. करायचं काही कारणच नव्हतं. हा संवाद घरात दर शनिवारी होत असे. सोफ्याच्या जागी कधी चादर असे, कधी इस्त्री केलेली पँट. संध्याकाळी पाव आणून झाला, बातम्यांना नावं ठेवून झाली, दिवा कोणी मालवायचा यावर नेहमीचा वाद झाला. रविवारी सकाळी बाबांसाठी झाकून ठेवलेला चहा तसाच निवला.

त्यानंतर जे जे करायचं ते थोरलीने केलं. डॉक्टर, दाखले, बँक, आईच्या गोळ्या, भेटायला येणाऱ्यांना खुर्च्या. एक वाक्य तेवढं तिने म्हटलं नाही. नातेवाइकांना ते परदेशातून धाकट्याने सांगितलं, शेजाऱ्यांना आईने सांगितलं, आणि थोरलीच्या कचेरीत धाकट्याच्या बायकोने फोन केला. ही कचेरी एका शब्दकोशाची. माणूस नाहीसा होण्याला मराठीत किती शब्द आहेत हे थोरलीला पाठ होतं. त्यांतले निम्मे तिनेच तपासले होते. पण एकही बाबांच्या मापाचा वाटेना. कुठला खांद्यात सैल, कुठला गळ्याशी घट्ट. तेव्हा तिने तो विषय बाजूला ठेवला आणि हाताला काम शोधलं. काम तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या पायांनी चालत घरी आलं.

काम म्हणजे दोन माणसं होती. एक मँडोलिनकाका, विमा कंपनीतून निवृत्त, एका कानात यंत्र. दुसऱ्या भूगोलबाई, शाळेतून निवृत्त, त्या गात. बाबा आणि हे दोघे मिळून एक त्रिकूट होतं, आणि दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर ते वाजवत असे. त्रिकूट म्हणायचं, पण ऐकू यायचं एकच वाद्य. अकॉर्डियन हे जात्याच भांडकुदळ. पाचशे माणसांत उभं केलं तरी आपलं म्हणणं मांडून मोकळं होणारं. बाबा ते हाताखाली दाबून धरत, बाईंचा आवाज आला की आणखी दाबत, आणि लोकांना वाटे की आपण तिघांना ऐकतोय.

"परवाच्या रविवारी आम्ही दोघंच बसलो," बाई म्हणाल्या. "बागेच्या कचेरीने कळवलंय की कार्यक्रम झाला नाही."

"झाला नाही म्हणजे? तुम्ही गायलात ना?"

"चार गाणी. पण वॉचमनने वर कळवलं, की दोन वृद्ध व्यक्ती चौथऱ्यावर बसलेल्या आढळल्या."

"आढळल्या," थोरली म्हणाली. शब्दकोशाचं माणूस, तिला तो शब्द झोंबला.

"अजून एक रविवार असा रिकामा गेला, की चौथरा कराटेच्या क्लासला देणार," काका म्हणाले. "तुझा बाबा असता तर..." आणि ते यंत्र नीट करत बसले, जे मुळात नीटच होतं.

अकॉर्डियनशिवाय त्या दोघांचा आवाज बागेत पोचवायचा तर यंत्र हवं होतं. चौथऱ्यावर पूर्वी विजेचं एक सॉकेट होतं. पण कोणीतरी त्यावर पाणी तापवायला सुरुवात केली, म्हणून बागेने ते काढून भोक सिमेंटने बुजवलं होतं. म्हणजे आता हवा बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर, हातात उचलून नेता येईल असा. त्यात एक माइक लागला पाहिजे आणि एक मँडोलिन. एवढी साधी गोष्ट. थोरलीने कंबर कसली.

आधी परवानगी. बागेच्या कचेरीतले कारकून पंख्याच्या बरोबर खाली बसत आणि प्रत्येक कागदावर एकेक दगड ठेवत. परवाना बाबांच्या नावावर होता.

"परवानाधारकाला पाठवा," ते म्हणाले.

"ते येऊ शकणार नाहीत."

"मग प्रतिनिधी चालेल. कारण सांगा. आजारी, परगावी, की कामात व्यग्र?"

थोरली विचारात पडली. खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती आणि खरं बोलण्याची तयारी नव्हती. "इतर," ती म्हणाली.

"इतर असं काही नाहीये."

"मग घाला. नियमात जगातली सगळी कारणं यायला हवीत."

"इतर म्हणजे काय पण?"

"वरील तिन्हींखेरीज."

कारकुनांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. अशी माणसं एकदा खुर्चीत बसली की जेवणाची सुट्टी खातात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावं. "एका रविवारपुरती देतो," ते म्हणाले. "पण मी स्वतः येणार. आवाज बागेत ऐकू आला पाहिजे आणि फाटकाबाहेर जाता कामा नये. बाहेर गेला तर दंड, आत आला नाही तर कराटे."

परवानगीची बातमी बिल्डिंगमध्ये पसरली आणि सल्ल्यांना पूर आला. दुःखात माणसाला काय बोलावं हे लोकांना सुचत नाही. पण माणूस एखादी वस्तू विकत घेतोय म्हटल्यावर प्रत्येकाची वाचा फुटते. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त इंजिनियर पंधरा दिवस नुसतीच मान हलवत होते, ते आता घरात घुसून सोफ्यावर बसले. त्यांच्या मते बाजारातले सगळे ॲम्प्लिफायर ही शुद्ध लूट होती. त्यांनी जुनी गाडीची बॅटरी आणि एक भोंगा आणला आणि जिन्यात जोडणी करून दाखवली. मँडोलिनकाकांनी एक तार छेडली. भोंग्यातून असा आवाज आला की तिसऱ्या मजल्यावरचे लोक गाडी कितव्या फलाटावर लागतेय ते ऐकायला बाहेर आले.

"फर्स्टक्लास!" काका म्हणाले. त्यांचा यंत्राचा कान भिंतीकडे होता.

"थोडा खर्जात आहे," इंजिनियर म्हणाले. बॅटरीतून गळलेल्या थेंबाने जिन्याच्या पायरीला पांढरा डाग पडला. तो नवीन भाडेकरूने पाडला असं त्यांनी सोसायटीला सांगितलं.

धाकटा व्हिडिओ कॉलवर आला. "ताई, तू काही करू नकोस. मी इथून मागवलाय, उद्या दारात येईल." आला. डब्याएवढा खोका, कमरेला बांधायचा, आणि त्याचा माइक डोक्याला अडकवायचा. वर्गात ओरडून घसा बसू नये म्हणून शिक्षक वापरतात तो. बाईंनी तो बांधला, पहिली ओळ गायली, आणि स्वतःचा आवाज पोटाजवळून आलेला ऐकून थबकल्या. तीस वर्षांची सवय ती, पुढच्या क्षणी त्यांनी दिवाणखान्याकडे बोट रोखून विचारलं, "मागे कोण बोलतंय?" मागे आई होती. आई पन्नास वर्षांनी पुन्हा गप्प बसली. हा चमत्कार पाहून खोका ठेवून घ्यावा असं थोरलीला क्षणभर वाटलं. पण मँडोलिन जोडायला त्याला जागाच नव्हती.

मग ती दुकानात गेली. जाण्याआधी तिने या विषयावर मिळेल ते सारं वाचून काढलं होतं. वाचून माणूस शहाणा होतो यावर तिची श्रद्धा होती. दुकानदार मात्र वाचलेल्या माणसाची वाटच पाहत होता.

"किती वॅट पाहिजेत, ताई?"

"अवलंबून आहे. उघड्यावर, पन्नासेक माणसं, एक आवाज, एक तंतुवाद्य."

"कोणासाठी?"

"वडिलांच्या ग्रुपसाठी."

"मग शंभर घ्या. वडिलांसाठी कमी कशाला घ्यायचं?"

या युक्तिवादाला शब्दकोशात उत्तर नव्हतं. ती शंभर वॅटचा खोका घेऊन घरी आली. त्याला चाकं होती, सुटकेससारखा दांडा होता, आणि समोर ताटाएवढ्या जाळीभोवती दिव्यांची माळ. तो चालू झाला तेव्हा घरात बाबांच्या दोन मावसबहिणी भेटायला आल्या होत्या आणि रुमाल हातात घेऊन बसल्या होत्या. दिवे आधी लाल झाले, मग हिरवे, मग धावायला लागले. एका अनोळखी बाईने खोक्यातून "जोडणी झाली" असं सांगितलं. कोणाशी, ते सांगितलं नाही. खालच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्यांच्याकडेही त्याच कंपनीचा खोका आहे, आणि त्यांच्या मुलीने आपला समजून हाच आईच्या फोनला जोडला होता हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच झालं की खोक्यातून एक पुरुष कण्हत म्हणाला, "डॉक्टर, मला आता सहन होत नाही हो."

मोठी मावसबहीण ताडकन उभी राहिली. धाकटी बसल्या जागी डोळे मिटून हात जोडती झाली.

"खालची काढायची का?" तो आवाज पुढे म्हणाला. "अक्कलदाढ आहे."

"आता उशीर झाला," आई खोक्याला म्हणाली आणि प्लग ओढला. पण तो बॅटरीवर चालणारा. प्लग काढल्यावर आणखी उत्साहाने धावू लागला.

दुसऱ्या दिवशी थोरली तो दांड्याने ओढत दुकानात परत घेऊन गेली. फुटपाथवरच्या प्रत्येक फटीत त्याचा एकेक दिवा लागत होता. लोक वाट देत होते, एकाने तर टाळी वाजवून ताल धरला. ज्या बाईने आयुष्यात भडक ओढणीसुद्धा घेतली नव्हती, तिने ती वाट कशी कापली हे तिचं तिलाच माहीत.

"उघडलेला माल परत नाही, बदलून देतो," दुकानदार म्हणाला. "पण ताई, राग मानू नका, तुम्हाला यातलं कळत नाही. वडिलांनाच घेऊन या. वाजवणारा माणूस बरोबर निवडतो."

"ते येऊ शकणार नाहीत."

"पाय दुखतात का?"

"नाही."

"मग मीच येतो! उद्या सकाळी तीन मॉडेल गाडीत टाकून आणतो. वडिलांना खुर्चीवर बसवा, आरामात ऐकू देत. पत्ता सांगा."

इथे कोणाही शहाण्या माणसाने चार शब्दांत विषय संपवला असता. थोरलीने पत्ता सांगितला.

दुकानदार शब्दाचा पक्का. सकाळी बेल वाजली, आईने दार उघडलं, आणि तो तीन खोके, वायरींची भेंडोळी आणि भरघोस हसू घेऊन आत आला. "कुठायत बाबा? त्यांना म्हणावं, आज मैफल तुमची!"

"ते गेले," आई म्हणाली. "तिसरा आठवडा चालू आहे. बसा, चहा टाकते."

दुकानदार बसला. त्याच्या हातातला एक खोका मांडीवर तसाच राहिला. थोरली दाराशी उभी होती, तिच्याकडे पाहून तो हळूच म्हणाला, "अहो ताई, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही वॅट विचारले होते."

आईने तिच्याकडे बघितलं आणि आत गेली. चहाला आधण ठेवता ठेवता आतूनच म्हणाली, "तू अजून एकदा तरी कोणाला सांगितलंयस का ग?"

"सगळ्यांना माहीत आहे, आई."

"मी ते विचारलं नाही."

थोरली एक खोका उचलून खाली पार्किंगमध्ये गेली.

परीक्षा पार्किंगमध्ये झाली, आणि ती थोरलीने आपल्या पद्धतीने घेतली. तिन्ही खोके तिने एकेक करून जिन्यावरून वर नेले, खाली आणले. सर्वांत जड खोक्याला दुसऱ्या मजल्यावर तिची धाप लागली, तो बाद. सर्वांत हलका काकांच्या मँडोलिनला बरा होता, पण त्याला माइक लावला की बाई बादलीत गाताहेत असं वाटे. राहिला मधला. बेताचा जड, वाद्य आणि गळा वेगवेगळे कमीजास्त करता येणारा, दिवे नाहीत, आतून कोणी बाई बोलत नाही. दुकानदार म्हणाला, बॅटरी आठ तास. थोरलीने माहितीपुस्तिकेची तळटीप वाचून दाखवली: आठ तास निम्म्या आवाजावर. पूर्ण आवाजावर तीन.

"तळटीप कोण वाचतं, ताई?"

"मी लिहिते," थोरली म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटलं.

आता फक्त वाजवून पाहायचं होतं. आणि इथेच खरी अडचण निघाली. ती कुठल्याच पुस्तिकेत नव्हती. भूगोलबाईंनी साठ वर्षं गाऊन स्वतःचा आवाज कधी बाहेरून ऐकला नव्हता. माइकमध्ये पहिला सूर लागला आणि त्या एक पाऊल मागे सरल्या.

"हा माझा आवाज नाही."

"तुमचाच आहे, बाई. छान आहे."

"छान असेल. माझा नाही."

त्या मागे गेल्या म्हणून आवाज कमी झाला. कमी झाला म्हणून थोरलीने खोक्याचं बटण वाढवलं. वाढला म्हणून बाई आणखी मागे. आणखी मागे म्हणून आणखी वाढवलं. शेवटी बाई एका स्कूटरला टेकल्या आणि खोक्याने अशी शिटी मारली की काकांच्या कानातल्या यंत्राने तिला जबाब दिला, आणि इंजिनियरांची लॉक केलेली गाडी उभ्या जागी रडू लागली.

"फर्स्टक्लास!" काका कान धरून म्हणाले.

उपाय पुष्कळ झाले. खडूने फुली मारली. बाई नकाशावरच्या देशाप्रमाणे तिच्याकडे आदराने पाहत आणि ओलांडून मागे जात. खोका पुढे ठेवला, तोंड श्रोत्यांकडे, म्हणजे माइकने त्याचं ऐकू नये. शिटी कमी झाली, बाई थांबल्या नाहीत. मागे खुर्ची ठेवली तर त्या खुर्चीत बसल्या. आईने खिडकीतून सुचवलं की बाईंना खांबाला बांधा. अखेर थोरली स्वतःच त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पुढच्या सुराला बाई मागे सरल्या आणि तिच्यावर आदळल्या. भिंत हलली नाही. बाईंनी पुढची ओळ जागच्या जागी गायली.

"उद्या मी अशीच उभी राहणार," थोरली म्हणाली.

"चौथऱ्यावर? सगळ्यांसमोर? तू?" बाईंनी विचारलं. थोरली शाळेत असताना कविता म्हणायची वेळ आली की पाणी प्यायला जात असे, बाईंच्याच वर्गात.

"बाई, मी भिंत आहे. भिंतीला कोण बघतं?"

रविवारी संध्याकाळी चौथऱ्याच्या पायथ्याशी कराटेचे मास्तर पांढऱ्या कपड्यांत उभे होते आणि पावलं टाकून लांबी-रुंदी मोजत होते. कारकून फाटकाच्या बरोबर मध्ये, एक कान आत आणि एक बाहेर करून उभे राहिले. खोका पूर्ण भरला होता, दोनदा तपासला होता. आई पहिल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. तिच्याशेजारी दुकानदार, त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

काकांनी सुरुवात केली. मँडोलिनचे बारीक, ओलसर सूर गवतावरून सरकत गेले, आणि झोपाळ्यापाशी उभ्या असलेल्या एका बाईने मान वळवली. काकांनीही मान वळवली. इतकी वर्षं त्यांचं वाद्य झोपाळ्यापर्यंत पोचलं नव्हतं. मग बाईंनी तोंड उघडलं, आवाज खोक्यातून निघाला, आणि त्या अर्थातच मागे सरल्या, ते थेट थोरलीच्या पायावर. थोरलीने ओठ आवळले आणि त्यांच्या पाठीवर तळवा टेकला. "जाऊ नका," ती कानात म्हणाली. "इथेच." तळव्याखाली बाईंचा श्वास भरताना तिला कळत होता. कडव्यामागून कडवं त्या गात राहिल्या. जिथे अकॉर्डियनचे सूर यायचे तिथे काही आलं नाही; काका तेवढा वेळ थांबले, बाई थांबल्या, आणि पुन्हा दोघांनी मिळून उचललं. फाटकातून कारकुनांनी हात वर केला: आत आला, बाहेर गेला नाही. कराटेचे मास्तर मोजायचं थांबून बाकाच्या कडेला टेकले.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, विखुरलेल्या, पण लांबून लांबून. अगदी शेवटच्या बाकावरचे एक आजोबा काठी उंचावून ओरडले, "बाई, आज पहिल्यांदा शब्द कळले हो! पण आपले अकॉर्डियनवाले कुठे आहेत? दिसत नाहीत बरेच दिवस?"

"फर्स्टक्लास!" काका हसून ओरडले. त्यांना वाटलं, वाहवा झाली.

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांनी मागे वळून थोरलीकडे पाहिलं आणि त्या बाजूला झाल्या. भिंतीच्या पुढे आता कोणीच नव्हतं, नुसता माइक होता. आजोबा काठी तशीच धरून थांबले होते. फाटकातून कारकून दोन पावलं आत आले. आईने पर्सवरचे हात एकमेकांत घातले आणि लेकीकडे बघत राहिली; सांगण्यासाठी उठली नाही.

माइक बाईंच्या उंचीचा होता. थोरली वाकली.

"ते माझे बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज मुळात लहान. तो समोरच्या खोक्यातून बाहेर पडून गवतावरून, झोपाळ्यावरून शेवटच्या बाकापर्यंत गेलेला तिने ऐकला. खोक्याने शिटी मारली नाही. ती मागे सरली नाही.

"ते वारले," ती म्हणाली. "माझे बाबा वारले."